मैदानाकडे पाठ

फुटबॉलच्या मॅचला जाऊन मैदानाकडे पाठ करून बसणारा माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला मामेसासरा म्हणून आला आहे. बायकोचे हे मामा डोंबिवलीला राहतात. अंगाने शिडशिडीत, उंचीने चांगले सहा फुटी, विमा कंपनीतून निवृत्त. कुणाच्याही घरात शिरताना चौकटीला डोकं लागेल म्हणून आधीच वाकतात आणि बाहेर पडताना विसरून आपटून घेतात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला मॅचला नेलं. मी नौपाड्यात क्रिकेटवर वाढलेला माणूस, फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सासरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून गेलेलो. मी बॉलकडे बघत होतो आणि मामा एकटक माझ्याकडे. मला वाटलं, भाचीसाठी केलेलं स्थळ पुन्हा एकदा तपासून घेताहेत. हाफटाइमला त्यांनी खुलासा केला. "जावईबापू, तुमची मान सारखी डावीकडे जातेय. पुढच्या माणसाला उगाच शिव्या देऊ नका. त्याचं डोकं मोठं नाहीये, तुमची पायरी बुटकी आहे."

तेव्हाच मला कळून चुकलं की या माणसाला खेळाशी काडीचं देणंघेणं नाही. त्यांना खेळ बघणारी माणसं बघायची असतात. कुठली रांग कधी उठून उभी राहते, कुठल्या बाकावरची माणसं सारखी कूस बदलतात, बाळाला कडेवर घेऊन आलेली बाई कुठल्या जिन्यावर थांबून दम खाते, ऊन कुणाच्या डोळ्यांत जातं, यावर त्यांची नजर. खांद्याला एक पिशवी, तिच्यात मेजरिंग टेप, छत्री आणि बसायची उशी. छत्री पावसासाठी नाही हं. ती उघडून सावली कुठवर पडते ते बघायचं, मग पुढे सरकायचं, पुन्हा उघडायची. एकदा त्यांच्या मागे बसलेल्या गृहस्थांनी वैतागून छत्री मिटायला सांगितली, तर मामांनी त्यांनाच शेजारी बसवून घेतलं आणि पश्चिमेकडे तोंड करून स्टँड बांधणाऱ्याला काय शिक्षा व्हायला हवी यावर मॅच संपेपर्यंत चर्चा केली. त्या गृहस्थांचा मुलगा त्या मॅचमध्ये खेळत होता. त्यांना नंतर घरी काय ऐकावं लागलं असेल ते देव जाणे.

त्यांचं म्हणणं असं की कोण जिंकलं हे माणूस आठवड्याभरात विसरतो, पण मुतारीची रांग जन्मभर लक्षात ठेवतो. मॅचहून परतलेल्या माणसाला स्कोअर विचारायचा नाही. पाठ कशी आहे, पाणी कुठे मिळालं, बाहेर पडताना चेंगरलात का, हे विचारायचं. आमच्या घरातली लहान मुलंसुद्धा आता मॅचहून आली की मामाआजोबांना आधी फोन करून संडासाचा रिपोर्ट देतात.

बरं, हे वेड मैदानापुरतं असतं तरी आम्ही सहन केलं असतं. पण जिथे म्हणून चार माणसं बसतात, तिथे मामांचं काम निघतंच. ठाण्याच्या नाट्यगृहात मध्यंतर झालं की आम्ही वडा खायला पळतो आणि मामा अनोळखी माणसांच्या खनपटीला बसतात. "तुम्ही जरा माझ्या जागेवर बसता का? मला लांबून तुमची मान बघायचीय." लोक घाबरून उठतात. एकदा कल्याणला एका लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात असताना त्यांच्या लक्षात आलं की डावीकडच्या चार रांगांना खांबामुळे नवरीच दिसत नाहीये. झालं. त्यांनी हातात अक्षता असलेल्या त्या सगळ्या मंडळींना उठवलं आणि खुर्च्या तिरक्या लावून घेतल्या. भटजी थांबेनात, मामा ऐकेनात. शेवटी 'सावधान' झालं तेव्हा चार रांगांच्या अक्षता जोरात व्हिडिओवाल्याच्या डोक्यावर पडल्या. मामी तेवढ्यात पुढे जाऊन नवरीच्या आईची समजूत घालत उभ्या होत्या. चाळीस वर्षं त्यांचा संसार असाच चाललाय. मामांनी खुर्च्या हलवायच्या आणि मामींनी माणसं सावरायची.

आता मामींबद्दल सांगायला हवं, कारण या घरात फुटबॉल आणला तो त्यांनी. मामी उंचीने मामांच्या कोपरापर्यंत येतात. दोघं रस्त्याने चालायला लागली की मामा वाकून बोलतात आणि मामी वर न बघता उत्तर देतात. त्यांचं माहेर कोलशेतचं. वडील तिथल्या एका कारखान्यात होते, कारखान्याची स्वतःची टीम होती, आणि वडील तिचे गोलकीपर. मैदान कारखान्याच्या मागेच, खाडीच्या अंगाला. लहानग्या मामी गोलपोस्टाच्या मागे उकिडव्या बसून बाहेर गेलेले बॉल आणून द्यायच्या. त्यामुळे ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना पाढ्यांच्या आधी कळलं. लग्न ठरवताना मामांनी कांदेपोह्यांच्या वेळी छंद विचारला, तेव्हा त्यांनी सरळ फुटबॉल सांगितलं, आणि मामांना ते फारच आवडलं. म्हणजे फुटबॉल नाही, मामी. पुढे दोघं दर मोसमात मॅचना जायची. मामी मैदानाकडे तोंड करून आणि मामा मैदानाकडे पाठ करून. मामी ओरडत, नखं खात, रेफ्रीचा उद्धार करत. मी मामांना एकदा विचारलेलं की समोर मॅच चाललेली असताना तुम्हाला खरंच वळून बघावंसं वाटत नाही? तर म्हणाले, हिच्या तोंडावर सगळं कळतं की, वेगळं बघायचं कशाला.

मग मामींचे गुडघे गेले. डॉक्टर झाले, तेल झालं, पट्टे झाले. शेवटच्या मॅचला त्या अर्धा जिना चढल्या आणि मधल्याच पायरीवर बसल्या. वरून लोकांचा गलका ऐकू येत होता. "तुम्ही जा वर," त्या म्हणाल्या, "मी इथून ऐकते." मामा गेले नाहीत. दोघं पूर्ण मॅच जिन्यात बसून राहिली, आणि त्या दिवसानंतर मामींनी मैदान सोडलं. घरी टीव्हीवर बघायच्या, पण त्यात जीव नसायचा. टीव्हीत बॉल दिसतो, मॅच दिसत नाही, असं त्यांचं मत. ज्याच्याकडे बॉल नाही तो काय करतोय ते बघण्यातच तर खरी मजा, आणि कॅमेऱ्याला ते कुठे कळतंय? मामा त्यांच्या शेजारी बसून पेपर वाचायचे. त्या मोसमात मामांनी टेप, छत्री आणि उशी पोटमाळ्यावर टाकली आणि घर एकदम शांत झालं. आम्हाला ती शांतता मुळीच आवडली नाही.

अशात बातमी आली की कोलशेतला नवं स्टेडियम होतंय. कारखाना केव्हाच बंद पडलेला, आजूबाजूला टॉवर आलेले, पण मागचा तो मैदानाचा तुकडा मोकळा होता आणि स्टेडियम नेमकं तिथेच उभं राहणार होतं. मामींनी बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बाबांच्या मैदानावर एक मॅच डोळ्यांनी बघायला मिळाली ना, की बास." इतकंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मामांनी मात्र दुसऱ्याच दिवशी स्टूल लावून पोटमाळ्यावरून पिशवी खाली काढली.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्या स्टेडियमवाल्यांना कशी गेली असतील त्याची मला कल्पना आहे, कारण अर्ध्या वेळा मामा मला सोबत ओढून न्यायचे. कामावर एक आर्किटेक्ट बाई होत्या, पस्तिशीच्या, हुशार आणि अतिशय सोशिक. नागरिकांनी सूचना कराव्यात म्हणून त्यांनी एक दिवस सगळ्यांना बोलावलं. बाकीचे नागरिक चहा पिऊन गेले, मामा राहिले ते राहिलेच. बाईंनी मोठ्या कौतुकाने नकाशा दाखवला. हे स्टेडियम म्हणे नुसतं फुटबॉलचं नाही, इथे धावण्याच्या शर्यती होतील, गाण्याचे कार्यक्रम होतील, प्रदर्शनं भरतील. फुटबॉल असेल तेव्हा पुढच्या रांगा चाकांवरून सरकत ट्रॅकवर येतील, म्हणजे प्रेक्षक खेळाच्या जवळ. मामा खूश झाले. "म्हणजे हे आपल्या डोंबिवलीच्या वन बीएचकेसारखं झालं. दिवसा हॉल, रात्री बेडरूम, आणि मधे सोफा-कम-बेड." बाई मनापासून हसल्या, आणि तिथेच फसल्या. कारण मामांनी त्यांना तेव्हापासून आपलं माणूस मानलं.

माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तास तास अडकून हा माणूस कोलशेतला जायचा, डोक्यावर हेल्मेट घालून कच्च्या सिमेंटच्या पायऱ्यांवर उशी टाकून बसायचा आणि समोरच्या चिखलात मॅच चालू असल्यासारखा मान फिरवायचा. कामगारांना सुरुवातीला वाटलं, म्हातारा घरच्यांवर रुसून येतो. एकाने तर डब्यातली चपातीही पुढे केली. पण बाईंनी त्यांचं ऐकलं, हे कबूल करायला हवं. बायकांची स्वच्छतागृहं वाढली. गेटपासून आतपर्यंत पायरीच नसलेला सरळ उतार झाला. ज्येष्ठांच्या टप्प्यावर छप्पर पुढे आलं. पाण्याचे नळ रांगेच्या शेवटी आले. आणि त्याच टप्प्यात मामांनी मामींसाठी जागा निवडली. मधल्या रेषेच्या जराशी डावीकडे, लिफ्टपासून हाकेच्या अंतरावर, जिथून दोन्ही गोल नीट दिसतात. त्या एका खुर्चीत ते सकाळी बसले, दुपारी बसले, संध्याकाळी बसले. त्यांना फक्त एकच काळजी होती. गुडघे गेलेल्या माणसाला उठताना धरायला काहीतरी भक्कम हवं. म्हणून पुढचा कठडा जाड पाइपचा आणि वीतभर उंच करून घ्यायचा त्यांनी हट्ट धरला. बाई नको नको म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, काका, एकदा काकूंना घेऊन या, त्यांना बसवून बघू आणि ठरवू. पण मामांनी ते साफ उडवून लावलं. ती येईल ती मॅचलाच येईल, अर्धवट काम तिला दाखवायचं नाही. माहेर आहे तिचं. बाईंनी हात टेकले, आणि तेवढ्या एका टप्प्यापुरता कठडा वीतभर वर गेला.

पहिल्या मॅचला आम्ही चौघं गेलो, मामा, मामी, मी आणि माझी बायको. माणकोलीच्या पुलावरून गाडी काढली. मामींनी आपल्या टीमच्या रंगाची निळी साडी नेसलेली आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. कोलशेत आलं तशा त्या खिडकीतून एकेक खूण शोधायला लागल्या. इथे गेट होतं, इथे भोंगा होता, या पिंपळाखाली बाबांची सायकल असायची. उतार त्यांनी मामांच्या हाताला धरून असा पार केला, की मामांची मान ताठ झाली. लिफ्ट, छप्पर, उशी, नळ, सगळं जिथल्या तिथे. मामी स्वच्छतागृहात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, रांगच नव्हती हो. मामांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. मग त्यांनी मामींना त्या खुर्चीत बसवलं, स्वतः जरा बाजूला सरकून कठड्याला टेकून मैदानाकडे पाठ केली, आणि इतक्या वर्षांनी बायकोचा चेहरा बघायला उभे राहिले.

शिट्टी वाजली. लोक ओरडायला लागले. मामी गप्प. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल. त्या मान जरा उंच करायच्या, जरा खाली करायच्या, पुन्हा मांडीवर हात ठेवून बसायच्या. एवढ्यात अख्खं स्टेडियम उसळलं. आपल्या टीमचा गोल झाला होता. सगळे उभे राहून नाचताहेत आणि मामी हळूच माझ्या बायकोला विचारताहेत, कुणी मारला गं?

मामांनी ते ऐकलं. मग तो सहा फुटी माणूस त्या अरुंद जागेत हात टेकत खाली बसला, अगदी गुडघ्यांवर, आपले डोळे मामींच्या डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या उंचीवरून मैदानाकडे बघितलं. समोर जाडजूड पाइप होता. वर आकाश आणि पलीकडचं छप्पर, खाली थोडं गवत आणि खेळाडूंचे बूट. मधली सगळी मॅच कठड्याने खाल्ली होती. त्या खुर्चीत ते इतक्या वेळा बसले होते, पण स्वतःच्या उंचीचे.

मी त्या दिवसाआधी मामांना कधी ओशाळलेलं बघितलं नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी पिशवीतली उशी काढली, मामींच्या उशीवर ठेवली, वर पिशवीही घडी करून ठेवली. पण तेवढ्याने पाइप नजरेतून हलेना आणि मामींचे पाय मात्र लोंबकळून गुडघे दुखायला लागले. आर्किटेक्ट बाईही मॅचला आल्या होत्या, त्या धावत आल्या. एका शब्दानेही त्यांनी काकांना टोकलं नाही. वर एक चांगली जागा आहे, लिफ्टने जाता येईल, फक्त शेवटी थोड्या पायऱ्या आहेत, असं म्हणाल्या. पायऱ्या म्हटल्यावर मामा आणखीच खचले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझ्या बापाच्या मैदानावर आणून तुला पाइप दाखवला."

मामींनी उशा काढून बाजूला ठेवल्या आणि पाय जमिनीला टेकवले. "तुम्हाला दिसतंय ना?" त्यांनी विचारलं. "मग तिकडे तोंड करा आणि मला सांगा."

आणि मामा वळले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मैदानाकडे तोंड करून मामींच्या शेजारी बसले आणि त्यांनी मॅचचं असं काही वर्णन केलं, की आजूबाजूच्या दोन रांगांनी मॅच सोडून त्यांनाच ऐकायला सुरुवात केली. निळ्याने पिवळ्याला दिला, म्हणाले. मामी म्हणाल्या, अहो दिला नाही, पिवळ्याने काढून घेतला असेल. मग एक जण पडला, पण मुद्दाम पडल्यासारखा वाटतोय. मग झेंडेवाला इसम विनाकारण रागावलाय. मग आपला तो केस वाढवलेला मुलगा एकटाच पुढे का उभा आहे, त्याला कुणी बोलवत का नाही? तो ऑफसाइड असेल, मामी डोळे मिटून म्हणाल्या, त्याला म्हणावं मागे ये. आणि मामांनी खरंच उठून तोंडाजवळ हात नेऊन त्या मुलाला मागे यायला सांगितलं. तो आला नाही. मागची रांग हसून हसून बेजार. मामी त्यांच्यापेक्षा जास्त हसत होत्या. गोलकीपरने एक अवघड बॉल अडवला तेव्हा मात्र मामा चुकून नीट बोलून गेले. डावीकडे झेप घेतली, म्हणाले, पूर्ण आडवा झाला आणि बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. मामी एकदम थांबल्या. "बाबा असेच पडायचे," त्या म्हणाल्या, आणि तिथून पुढे मॅच संपेपर्यंत त्यांनी मामांचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा बाईंकडे गेले. म्हणाले, मी मूर्ख म्हातारा आहे, कठडा खाली घ्या. बाईंनी त्याच्याही पुढे जाऊन तिथे पाइपऐवजी जाड काच बसवली आणि धरायला खुर्चीच्याच हातांना मुठी लावून दिल्या. या वेळी मात्र काम संपायच्या आधी मामींना नेऊन बसवलं. मामींनी इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि सगळं स्वच्छ दिसतंय असं सांगितलं. मामांनी एवढा मोठा निःश्वास सोडला की काचेवर वाफ धरली.

आता दोघं प्रत्येक मॅचला जातात. गुडघे काही बरे झालेले नाहीत. तो उतारही मामींना हल्ली लांब वाटतो, मधे थांबावं लागतं. अजून किती मोसम, असं कधीकधी माझ्या मनात येतं आणि मी ते झटकून टाकतो. परवा मीही गेलेलो. ऊन उतरलं होतं, खाडीवरून वारा येत होता. मॅच सुरू झाली तसे मामा जुन्या सवयीने उठले, मैदानाकडे पाठ केली आणि मागच्या रांगांच्या माना बघायला लागले. खेळ अगदी आमच्यासमोर आला होता, काचेच्या पलीकडे. आपल्या टीमचा तो केसवाला मुलगा बॉल पायाखाली धरून कुणाला द्यावा याचा विचार करत उभा होता. मला तो स्वच्छ दिसत होता. मामींनाही दिसत होता, त्या त्याच्याकडेच बघत होत्या. बघता बघता त्यांनी हात लांबवून मामांच्या सदऱ्याची बाही ओढली.

"अहो, बॉल कुणाकडे आहे?"

मामा वळले, त्यांच्या शेजारी बसले आणि डोळे बारीक करून त्यांनी मैदानाकडे बघितलं.

"आपल्याकडे," ते म्हणाले, आणि पुढचं सांगायला लागले.